अर्धपोटी

विमान फुकटात आलं, चार्जर मात्र माझ्या माथी आला. तो निवडण्यात माझी दोन वर्षं गेली, तीन बॅटऱ्या फुगल्या आणि अण्णांशी कधी नव्हे ती वादावादी झाली. एवढं करून शेवटी घरात आलेला तो डबा पाहिला, तर कुणीही विचारेल की यात निवडण्यासारखं होतं काय.

माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरी आला. स्कूटरवर मागे त्याची बायको, आणि तिच्या मांडीवर आडवं धरलेलं पांढरं विमान. सनबोर्डचं, सव्वा मीटर पंखांचं, सांध्यासांध्याला पॅकिंगची टेप. "सर, पुण्यात फ्लॅटमध्ये हे ठेवायला जागा नाही. तुम्ही घ्या. विमान का उडतं ते तुम्हीच शिकवलं होतं की." शिकवलं होतं खरं. फळ्यावर, खडूनं, एकतीस वर्षं. मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या हातात खरं उडणारं विमान निवृत्तीनंतर पडावं, यात थोडी गंमत होती आणि थोडी शिक्षाही.

नाकावरच्या मोटरीवर लिहिलं होतं, १००० केव्ही. मी किलोव्होल्ट वाचलं आणि हात मागे घेतला. पोरगं हसलं. या धंद्यात केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, हे त्यानं मला समजावलं. एकतीस वर्षांचा हिशेब दारातच चुकता झाला. विमानाबरोबर त्यानं दोन बॅटऱ्या दिल्या. साबणाच्या वडीएवढ्या, निळ्या वेष्टनातल्या. एका टोकाला जाड लाल-काळी वायर आणि पिवळा प्लग, दुसरीकडे चार बारीक वायरींचा पांढरा प्लग. "थ्री-एस, बावीसशे," तो म्हणाला, "आणि चार्जर रूममेटचा होता, तेवढा तुम्ही नवा घ्या. चांगला घ्या, सर."

चांगला म्हणजे कसला, ते विचारायचं राहिलं.

खडेबाजारात मोबाईलचे चार्जर टोपलीत भरून विकतात. या बॅटरीचा चार्जर विचारला की दुकानदार ती उलटसुलट करून बघायचा आणि परत द्यायचा. एकानं मात्र उत्साहानं लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा अडॅप्टर काढला. "प्लग बदलून देतो, लावा की." ती बॅटरी पूर्ण भरली की बारा पूर्णांक सहा व्होल्ट होते. तिला एकोणीस व्होल्ट जोडून ठेवले, तर ती आधी फुगते, मग धूर सोडते आणि मग पेटते. अडॅप्टरला पुढं कोण बसलंय ते कळत नसतं. तो देत राहतो.

म्हणून मी अण्णांकडे गेलो.

खानापूर रोडला तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं, उद्यमबागेच्या वाटेवर अण्णांचं बॅटरीचं दुकान आहे. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. अण्णा घरी कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडले की हिंदी. माझ्या घरचा इन्व्हर्टर त्यांच्याच हातचा. वर्षातून दोनदा त्यांचा पोरगा बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतायला येतो, आणि दुकानात हेच काम चालू असलं तर अण्णा खुर्चीतून न उठता, नुसत्या आवाजावरून ओळखून ओरडतात, "साकु!" पुरे. त्या एका शब्दाच्या पुढं एक थेंब पडत नाही. काचेच्या नळीत आम्ल ओढून ते आतला तरंगता काटा बघतात. साडेबाराशेच्या वर असला तर बॅटरी पोटभर जेवलेली, त्याच्या बरंच खाली असला तर उपाशी. विशिष्ट गुरुत्व हा धडा मी शाळेत ज्या कंटाळ्यानं शिकवला, तो आठवून मला तिथं लाज वाटते.

अण्णांनी माझी निळी वडी तळहातावर तोलली. "एवढीशी? यात पाणी कुठनं घालायचं?" पाणी घालायचं नसतं म्हटल्यावर त्यांचा तिच्यातला रस संपला. पण जाताना उपदेश दिलाच. "कसली बी असू दे, सर. भरून ठेवायची. बॅटरी म्हंजे म्हस की. उपाशी बांधलासा की आटली."

हे मी जपून ठेवलं. पुढचा सगळा घोटाळा या वाक्यातून झाला, आणि वाक्य तर खरं होतं.

पहिला चार्जर मी ऑनलाइन मागवला. पत्त्याच्या जोडाएवढा, तीन दिव्यांचा. पांढरा चार वायरींचा प्लग त्यात खोचायचा, तीन दिवे लाल होतात, तिन्ही हिरवे झाले की काम झालं. बटण नाही, आकडा नाही. मला तो फार आवडला. यात चूक करायला जागाच नाही असं वाटलं.

तीन दिवे का, ते सांगायला हवं. थ्री-एस म्हणजे तीन सेल एकामागे एक जोडलेले. प्रत्येकाचा व्होल्टेज सरासरी ३.७, भरल्यावर ४.२. मिळून १२.६. तिघांतून धारा एकच वाहते, पण तिघांचं पोट अगदी एकसारखं नसतं. एखादा आधी भरतो. नुसत्या जाड वायरींतून भरणाऱ्याला फक्त बेरीज दिसते. ४.२ आणि ४.२ आणि ४.२ यांची बेरीज १२.६, आणि ४.३ आणि ४.२ आणि ४.१ यांचीही बेरीज १२.६. गणिताच्या पेपरात याला पूर्ण गुण मिळाले असते. बॅटरीत मात्र त्या ४.३ वाल्याचं आयुष्य तिथंच कमी होतं.

लग्नाच्या पंगतीत एक वाढपी असा असतो की ताटाकडे न बघता श्रीखंडाचं पातेलं घेऊन पंगतभर धावतो. पातेलं संपलं की त्याच्या मते सगळे जेवले. दुसरा प्रत्येक पानापुढं वाकतो, कुणाचा आडवा हात दिसला की तिथं थांबतो आणि पुढच्याला वाढतो. पांढरा प्लग म्हणजे पानापानापुढं वाकायची सोय. याला बॅलन्स करणं म्हणतात. माझा तीन दिव्यांचा चार्जर दुसऱ्या जातीचा, वाकणारा वाढपी होता, फक्त हातात चमचा घेतलेला. एका सेलला एक अँपिअरसुद्धा नाही, पाऊण-एकच्या मधे कुठंतरी. बावीसशे मिलिअँपिअर-तासांची बॅटरी भरायला तीन तास. विमान उडायचं आठ मिनिटं.

त्या वर्षी भातकापणी झाल्यावर आम्ही येळ्ळूरच्या शिवारात जाऊ लागलो. शहराजवळ मैदानं आहेत, पण सांबऱ्याचा विमानतळ आहे आणि लष्कराची हद्दही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीवाचून काही उडवता येत नाही, आठ ते बाराच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंतच मोकळीक. सरकारी नकाशात हिरवा रंग बघूनच मी जागा ठरवली. वर राजहंसगड, खाली धसकटं उभी असलेली भाताची वाफं, काहींत मसूर उगवलेला. ज्यांच्या बांधावर आम्ही उभे राहायचो, त्या मामांनी पहिल्या दिवशी बराच वेळ वर बघून विचारलं, "सर, हे औषध मारतंय काय?"

"नाही मामा, नुसतंच फिरतंय."

"मग कशाला?"

याला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

दोन बॅटऱ्या म्हणजे सोळा मिनिटं. त्यातही पूर्ण सोळा नाहीत, कारण ही बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची नसते. ऐंशी टक्के वापरायची आणि उतरायचं. सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की तो कायमचा रुसतो. म्हणून मी आणखी दोन बॅटऱ्या मागवल्या. आल्या तेव्हा मल्टिमीटर लावला तर साडेअकराच्याही आत. भरलेल्या बाराच्या वर हव्यात! मी विक्रेत्याला फोन लावून चांगलं झापलं, अर्ध्या रिकाम्या बॅटऱ्या पाठवता म्हणून. पलीकडचा माणूस थकलेल्या आवाजात म्हणाला, "सर, त्या तशाच येतात."

तशाच येतात, आणि त्याला कारण आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला २०१६ च्या एप्रिलपासून बंदी आहे, आणि मालवाहू विमानातूनही त्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या असून चालत नाहीत. भरलेली बॅटरी म्हणजे ताणलेली गलोल. कारखाना तिला अर्धपोटी ठेवतो ती काही कंजुषी नसते. त्या फोनवर कान उघडे ठेवले असते तर पुढचा पावसाळा वाचला असता.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी जायचं ठरलं होतं. आदल्या रात्री मी तीन बॅटऱ्या भरल्या. बारा-एक वाजेपर्यंत जागून, हिरवे दिवे मोजून. चौथी आधीच्या खेपेला वापरून झालेली, ती आळसानं पिशवीतच राहिली. सकाळी वळीव कोसळला. त्याच्यामागोमाग मिरग. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते पावसाळ्यात अंगावर येतं. कपडे वाळत नाहीत, भिंती घामाघूम, आणि विमानाचं तर नावच नाही. मी तिन्ही भरलेल्या बॅटऱ्या लोखंडी ट्रंकेत ठेवल्या आणि अण्णांचं वाक्य आठवून मध्ये एकदा पुन्हा चार्जरला लावल्या. म्हैस उपाशी बांधू नये.

गणपती गेल्यावर ट्रंक उघडली. तीन बॅटऱ्या वडीसारख्या राहिल्या नव्हत्या, उशीसारख्या झाल्या होत्या. वेष्टन ताणून चकचकीत. बोटानं दाबलं तर आत हवा असल्यागत दबायचं. (असं दाबू नये. मी दाबलं.) मल्टिमीटर लावला तर व्होल्टेज अगदी चांगला, बाराच्या वर. तीन दिव्यांच्या चार्जरला लावली तर तिन्ही दिवे क्षणात हिरवे. त्याच्या लेखी बॅटरी ठणठणीत होती. ज्या साधेपणासाठी मी तो घेतला, त्या साधेपणानं मला मरणाची बातमीसुद्धा हिरव्या दिव्यातच दिली.

आणि पिशवीत विसरलेली चौथी? सपाट. तशीच्या तशी. अकरा पूर्णांक चार व्होल्ट.

मी विज्ञानाचा मास्तर. तीन नमुने एका तऱ्हेनं ठेवलेले, एक दुसऱ्या तऱ्हेनं, बाकी घर तेच, पावसाळा तोच. आयुष्यभर पोरांना तुलनेचा प्रयोग असा करा म्हणून सांगितलं, आणि तो मी आळसाच्या जोरावर करून बसलो होतो.

मग वाचायला बसलो. शिसं-आम्लाची बॅटरी प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये केली. ती उपाशी राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात, घट्ट होतात, आणि मग ती भरायलाच नकार देते. अण्णांची म्हैस शंभर टक्के खरी. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, आणि तिचं दुखणं उलटं. ती पूर्ण भरलेली असताना आतलं रसायन टोकाच्या ताणावर असतं. त्या ताणानं आतला द्रव हळूहळू मोडतो, वायू तयार होतो, आणि पाकिटाला पत्र्याचं कवच नसल्यानं ते फुगतं. खोली जितकी गरम तितकं लवकर. म्हणून ठेवायची तर सेलमागे ३.८ किंवा ३.८५ व्होल्टवर, म्हणजे साधारण अर्ध्या पोटावर. दोघींना आपण बॅटरी म्हणतो एवढंच साम्य. पाठ्यपुस्तकातही दोघींचं प्रकरण एकच होतं आणि मी ते एकाच तासात उरकायचो.

फुगलेली एक घेऊन अण्णांकडे गेलो. अण्णांनी ती हातात घ्यायलाच नकार दिला, टेबलावर ठेवा म्हणाले.

"भरलेली होती?"

"भरलेली."

"मग मरंल कशी?"

"भरलेली होती म्हणूनच मेली, अण्णा."

"सर, चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. काय तरी सांगू नका." आणि मग हिंदीत दोन वाक्यं, जी इथं देत नाही. त्यांना ते त्यांच्या चाळीस वर्षांवर केलेलं बोलणं वाटलं. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. मेलेल्या शिश्याच्या बॅटरीला अण्णा किलोवर पैसे देतात, शिश्याला भाव आहे. माझ्या तीन उशांना कुणी भाव देईना. शेवटी उघड्यावर, धुण्याच्या दगडावर, लहान बल्ब जोडून त्या पार रिकाम्या केल्या आणि इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्याला दिल्या. घंटागाडीत टाकू नयेत, गाडी पेटते.

आता चार्जर पुन्हा निवडायचा होता, आणि या खेपेला काय विचारायचं ते मला ठाऊक होतं, असं मला वाटत होतं. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला.

खोक्यावर मोठ्या अक्षरात अँपिअर लिहितात. सहा अँपिअर! बारीक अक्षरात वॉट असतात, आणि खरा आकडा तो. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, आठवीचं गणित. पन्नास वॉटच्या चार्जरवर माझी थ्री-एस लावली तर पन्नास भागिले १२.६, म्हणजे जेमतेम चार अँपिअर. खोक्यावरचे सहा तिथं कधीच येणार नाहीत. फोर-एस लावली तर तीनच. पण मला लागतात किती? या बॅटऱ्या एक-सी दरानं भरायच्या, म्हणजे एका तासात भरेल इतक्या धारेनं. बावीसशेला २.२ अँपिअर. अठ्ठावीस वॉट झाले. (बॅटरीवर २५सी लिहिलेलं असतं ते देण्याचं, घेण्याचं नाही. हे एकानं उलटं वाचलं आणि त्याच्या गॅलरीची जाळी काळी झाली.)

विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, मोठाच घ्या, अडीचशे-तीनशे वॉटचा, रंगीत स्क्रीनवाला. घरच्या प्लगवर चालत नाही, पण जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा घ्या, हिरवी वायर काळीला जोडली की चालू होतो, पिवळीतून बारा व्होल्ट घ्या." तरुण माणसाला अशा जोडण्यांत आनंद असतो. मलाही होता एके काळी. पण जेवणाच्या टेबलाखाली उघडा एसएमपीएस ही कल्पना मी बायकोपुढं मांडू शकलो नसतो. शिवाय मी मोठी सहा सेलांची विमानं उडवणार नव्हतो. मेलेल्या तिघींच्या जागी नव्या धरून चारही बॅटऱ्या एकत्र, समांतर जोडून भरायच्या म्हटल्या तरी एकशे अकरा वॉट होतात, आणि त्यासाठी चौघींचे व्होल्टेज आधी जवळपास सारखे लागतात. नाहीतर जोडल्या क्षणी भरलेली रिकामीच्या अंगावर धावून जाते. घाई कुणाला होती? आठ मिनिटांनी मला स्वतःला टेकायला लागतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो पहिल्या खरेदीत सुचला नव्हता. भरतो किती वेगानं हे कळलं. रिकामी किती वेगानं करतो?

या आकड्याची जाहिरात कुणी करत नाही. साध्या चार बटणांच्या चार्जरवर तो बहुधा पाच वॉट असतो. रंगीत स्क्रीनवाल्यांवरही बरेचदा दहा-पंधरा-वीस. भरलेली बावीसशेची बॅटरी अर्धी करायची तर अकराशे मिलिअँपिअर-तास काढायचे, म्हणजे तेरा वॉट-तास. पाच वॉटनं अडीच तास. चार बॅटऱ्यांना दहा तास! पाऊस आला म्हणून रविवार बुडाला की सोमवारी दिवसभर चार्जरपुढं बसून, जे शनिवारी रात्री भरलं ते ओतून द्यायचं. चार्जर ती वीज आत उष्णतेत जाळतो, म्हणून बिचाऱ्याला हळूच करावं लागतं. लग्नपत्रिका संपली, मी पाकिटावर लिहायला लागलो.

शेवटी घेतला तो मधला. ऐंशी वॉटचा, घरच्या प्लगवर चालणारा आणि बारा व्होल्टवरही. चार बटणं, दोन ओळींचा निळा पडदा. तिन्ही सेल वेगवेगळे दाखवतो, बॅटरी अर्ध्या पोटावर आणून ठेवणारा स्टोरेज नावाचा पर्याय आहे, आणि सेलचा अंतर्गत रोध मिलिओहममध्ये सांगतो. या शेवटच्या गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे दिले. व्होल्टेज खोटं बोलू शकतो, हे मी हिरव्या दिव्यांत पाहिलं होतं. रोध महिन्यागणिक चढत गेला की समजावं, गडी थकला. वहीत तारखा घालून लिहून ठेवतो, शाळेच्या हजेरीपटासारखं.

बारा व्होल्टवर चालणं मला येळ्ळूरसाठी हवं होतं. पस्तीस अँपिअर-तासांची गाडीची बॅटरी बांधावर नेली, तिच्यातली निम्मी वीज वापरली (त्यापेक्षा जास्त काढली तर अण्णा बोलतील, आणि बरोबर बोलतील), थोडी चार्जरनं खाल्ली, तरी सात-आठ वेळा माझ्या बॅटऱ्या भरतात. ती बॅटरी भाड्यानं आणायला मला अण्णांकडे जावं लागलं. आधी भरलेलीच देतो म्हणाले, आणि भरून परत आणा म्हणाले. आणली.

या चार्जरचा एक दोष सांगतो. तो भोळा आहे. लायपो (माझ्या बॅटऱ्या या जातीच्या), लायफे, हाय-व्होल्टेज लायपो, निकेल, शिसं, सगळ्यांची यादी त्यात आहे, आणि तुम्ही जे सांगाल ते तो मानतो. साध्या लायपोला हाय-व्होल्टेज सांगितलं तर तो ४.३५ पर्यंत वाढत जाईल, आग्रहानं. सुरू करताना तो एकदा विचारतो, मी एकदा मोठ्यानं वाचतो. "लायपो, तीन सेल, दोन पूर्णांक दोन." बायको आतून म्हणते, "हजेरी झाली का?"

चार्जिंग घरात होत नाही. मागच्या दारी धुण्याचा दगड आहे, त्यावर मातीची कुंडी, कुंडीत बॅटरी, शेजारी वाळूची बादली. चालू असताना मी तिथून हलत नाही. बायकोची अट आहे. तिनं चिरा गेलेली चिनी मातीची एक बरणी मला दिली आहे, लोणच्याला निकामी झालेली. ठेवणीतल्या बॅटऱ्या तिच्यात राहतात, झाकण नुसतं टेकवलेलं. घट्ट लावायचं नाही, कारण कधी वायू सुटलाच तर त्याला वाट हवी.

यंदाही तसंच झालं. मेच्या अखेरीस चार भरल्या आणि आभाळ भरून आलं. नव्या चार्जरवर स्टोरेज लावलं असतं तर दहा तास गेले असते. मी चारही पिशवीत घातल्या, खिशात व्होल्टेज दाखवणारी छोटी काडेपेटी घातली आणि अण्णांच्या दुकानात गेलो. अण्णांकडे बॅटरी जोखायला मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब असतो, लाकडी फळीवर बसवलेला, दोन चिमटे लावलेला. पंचावन्न वॉटचा.

"अण्णा, हा बल्ब जरा लागणार."

"काय करतासा?"

"बॅटरी रिकामी करतो."

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. पोरगं ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाणी घालत होतं, तेही थांबलं. मी चिमटे लावले. बल्ब भक्कन पेटला, दुकानाच्या आतल्या अंधारातल्या बॅटऱ्यांच्या रांगा दिसायला लागल्या. बारा पूर्णांक दोन. बाराच्या खाली. बाहेर पाऊस सुरू झाला. साडेचार अँपिअरनं वीज वाहत होती, काच तापत होती, आणि पाव तासात होणारं काम मी पापणी न हलवता बघत होतो, कारण हा बल्ब पण भोळाच. थांबवणारा माणूस लागतो. अण्णा उठून जवळ आले. काडेपेटीवरचे आकडे त्यांनी स्वतःच्या हातात घेतले.

"कितीवर सोडायचं?"

"भार काढल्यावर साडेअकरा राहिले पाहिजेत."

"म्हंजे निम्मी."

"निम्मी."

ते काही बोलले नाहीत. एकदा चिमटा काढून बघितला, पुन्हा लावला. दुसऱ्यांदा काढला, आकडा जरासा वर चढून थांबला. अण्णांनी मान हलवली. "साकु," म्हणाले, आणि दुसरी बॅटरी मागितली. चौथीपर्यंत त्यांनीच केलं, मला हात लावू दिला नाही.

"आता भरायची कधी?"

"दिवाळीला. भात निघालं की."

"तवर उपाशी?"

"अर्धपोटी."

अण्णांनी पोराला हाक मारली आणि समोरच्या हॉटेलात चहा सांगायला लावला. बाय-टू, एकाचे दोन.